३१ मे, शाल-श्रीफळ आणि रिकामी खुर्ची

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की आमच्या अलिबाग-मुरूड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. शाळेच्या पडवीत मांडव, मागे फ्लेक्स, मधल्या खुर्चीवर गुरुजी, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती, अंगावर शाल, हातात नारळ. कुठे गुरुजींच्या जागी मुख्याध्यापिका बाई. खाली मजकूर ठरलेला: 'प्रदीर्घ सेवेनंतर नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त.' आपणही 'पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा' लिहितो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो.

एवढे शिक्षक ३१ मे लाच कसे निवृत्त होतात, हा प्रश्न कधी पडलाय का? उत्तर शाळेच्याच दप्तरात आहे. साठ-सत्तरच्या दशकात खेड्यात जन्माची नोंद किती जणांची असायची? आई सांगायची, 'होळीच्या नंतरचा' किंवा 'नारळी पुनवेच्या आधीचा'. मग गुरुजी पोराला समोर उभं करून डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लावायला सांगत. हात पोचला की पोर सहा वर्षांचं झालं. रजिस्टरात जन्मतारीख पडायची १ जून. नियम असा की ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे.

म्हणजे बघा, आज निवृत्त होणाऱ्या कित्येक गुरुजींच्या नोकरीचा शेवटचा दिवस त्यांच्या गुरुजींनीच पन्नासेक वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. एका मास्तरानं दुसऱ्याला हाताला धरून शाळेत घेतलं, तो मास्तर झाला, त्यानं पुढच्याला घेतलं. सार्वजनिक शिक्षण म्हणतात ते मुळात हेच आहे.

माझा मुद्दा मात्र ३१ मे चा नाही, १ जूनचा आहे. सत्कार झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर कोण बसतं? आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक छोट्या शाळांत आज याचं उत्तर 'कुणी नाही' किंवा 'प्रभारी' असं आहे. ही खुर्ची आली कुठून, तिची किंमत कुणी मोजली, हे माहीत असेल तर ती रिकामी राहणं किती गंभीर आहे ते कळतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात नागावपासून करू. आपण नागावला ओळखतो ते बीचसाठी. १८२५ साली याच नागावात केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. पुढे साऱ्या महाराष्ट्रात ते केरूनाना म्हणून ओळखले गेले. तेव्हा अलिबागवर आंग्र्यांचा अंमल होता. गावात शिक्षण म्हणजे पंतोजीची शाळा: ओसरीवर चार-दहा पोरं, धुळाक्षरं, पाढे, मोडी, आणि फी म्हणून धान्य. शिकायची पोरंही ठराविक घरांतलीच. पंतोजी गाव सोडून गेला किंवा आजारी पडला की शाळा संपली, कारण ती शाळा त्या माणसाची होती. गावाची नव्हती.

केरूनानांचे आईवडील लहानपणीच गेले. शिक्षणासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली. त्यांच्या घराण्यातलेच बापू, म्हणजे सदाशिव काशीनाथ छत्रे, मुंबईत नव्या शिक्षणाच्या कामात होते. 'बाळमित्र' आणि इसापच्या गोष्टी मराठीत आणणारे ते हेच. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत केरूनानांना बाळशास्त्री जांभेकरांसारखे शिक्षक लाभले. १८४० साली, म्हणजे अवघ्या पंधराव्या वर्षी, ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागले. त्याच साली इकडे आंग्र्यांचं कुलाबा संस्थान कंपनी सरकारनं खालसा केलं.

१८५१ पासून केरूनाना पुण्यात शिकवायला लागले. गणित आणि सृष्टिशास्त्र हे त्यांचे विषय. खेडोपाडी पाठवायचे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलातही त्यांनी काम केलं. १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टकं' काढली. टिळक आणि आगरकर दोघंही डेक्कन कॉलेजात त्यांचे विद्यार्थी. १८७७ साली सरकारनं रावबहादूर किताब दिला, १८७९ साली ते निवृत्त झाले आणि १८८४ साली वारले. सत्काराच्या भाषेत बोलायचं तर 'प्रदीर्घ आणि उज्ज्वल सेवा'.

पण नागावच्या बाजूनं हीच गोष्ट सांगून बघा. एक हुशार पोर होतं, त्याचे नातेवाईक मुंबईत होते म्हणून ते शिकलं. त्याच वयाचं, तेवढंच हुशार, पण मुंबईत कुणी नसलेलं पोर थेरोंड्यात, चौलात किंवा आक्षीच्या कोळीवाड्यात असेल, तर त्याचं काय झालं? त्याचं नाव आपल्याला माहीत असायचं कारणच नाही. सार्वजनिक शाळा या दुसऱ्या पोरासाठी असते.

मग ती शाळा आली कशी? आपल्याकडे एक समज पक्का आहे, की सरकारनं शाळा 'दिल्या'. हिशेब वेगळं सांगतो. मुंबई इलाख्यात १८६३ पासून लोकल फंडाचा उपकर बसला. जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा जादा. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला, बाकीचा मुख्यतः रस्त्यांना. म्हणजे भातशेती करणाऱ्या आगऱ्या-कुणब्याच्या घामातून गेलेल्या पैशांतून गावोगावच्या शाळा उभ्या राहिल्या. आपल्याकडे खोती. महसूल खोताच्या हातून भरला जायचा, पण तो पिकवायचं कूळच. शाळेचा पैसाही शेवटी त्याच्याच खळ्यातून जायचा.

आता गंमत अशी की पैसा कुळाचा आणि बाकावर मात्र त्याचं पोर नाही. हे सरकारला कुणी सुनावलं? जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या करातून येणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि ज्याच्या घरून तो आला त्याच्या मुलाला साधं वाचता येत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी.

त्या निवेदनात शिक्षकांबद्दल जे आहे ते आजच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानं वाचावं असं आहे. जोतीराव म्हणतात, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, शिकवून तयार केलेले असावेत, आणि त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा. शिवाय गावात त्यांचं वजन वाढावं म्हणून हिशेबतपासणी, दस्तनोंदणी, टपाल अशी कामं त्यांच्याकडे द्यावीत, असंही त्यांनी सुचवलं.

आज शिक्षक संघटना अशैक्षणिक कामांविरुद्ध ओरड करतात. मग जोतीराव चुकले का? मला तसं वाटत नाही. त्यांनी मास्तराला गावाच्या कारभारात मान मिळावा म्हणून ती कामं मागितली होती. आपण मान काढून घेतला आणि कामं तेवढी ठेवली. जनगणना, मतदार याद्या, निवडणूक, सर्वेक्षण, १९९५ पासून पोषण आहाराचा तांदूळ आणि त्याचा हिशेब, आता त्यात रोजची ऑनलाइन माहिती. एवढ्यातून वेळ उरला तर शिकवायचं.

पुढचा टप्पा १९२३. मुंबई कायदेमंडळानं प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला. आपले आजोबा 'लोकल बोर्डाची शाळा' म्हणायचे ती ही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदेमंडळात मंजूर झाला. त्याचा पाणवठ्यांचा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यातूनच १९२७ साली आपल्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पण त्या ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या. सरकारी पैशातून चालणाऱ्या शाळेत अस्पृश्य मानलेल्या मुलाला अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

ठराव मुंबईत झाला. तो गावात पोचायचा कुणाच्या हातून? हेडमास्तरच्या. दाखल खारीजच्या रजिस्टरात नाव लिहायचं की नाही, ते पोर बाकावर बसणार की बाहेर पडवीत, पाण्याच्या पिंपाला हात लावणार की नाही, हे ठरवणारा गावातला एकमेव सरकारी माणूस तोच. काही मास्तर या परीक्षेत नापास झाले, हे आपण लपवू नये. खुद्द बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसावं लागलं होतं. पण जिथं दार उघडलं गेलं, तिथंही ते कुणातरी मास्तरानंच उघडलं. त्यासाठी त्यानं गावाचा राग ओढवून घेतला असेल, तर त्याची नोंद कुठल्याही गॅझेटिअरात मिळायची नाही.

दहा वर्षांनी, १९३३ साली, अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप सुरू झाला. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. आपण त्याची कहाणी भाषणात ऐकतो. पण एक साधी गोष्ट लक्षात घ्या. कूळ म्हणून हक्क मागायचा तर कागद लागतो, कागद वाचता यावा लागतो, आणि खोतानं काय लिहिलंय ते कळावं लागतं. अंगठ्याची सही करणारी पिढी आणि सातबारा स्वतः वाचणारी पिढी, यांच्यामध्ये गावची मराठी शाळा उभी आहे.

दक्षिणेकडे गोष्ट थोडी वेगळी. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या नबाबाच्या संस्थानात. मुरूडच्या सर एस. ए. हायस्कुलाचं नाव आजही त्याची आठवण ठेवून आहे. संस्थान विलीन झालं, सगळा किनारा एका कुलाबा जिल्ह्यात आला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि लोकल बोर्डाची शाळा जिल्हा परिषदेची झाली. १९८१ साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पाट्या बदलत गेल्या, पण सकाळी कुलूप उघडणारा माणूस तोच राहिला.

आज निवृत्त होणारी पिढी यानंतरची. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर 'खडू-फळा' मोहीम आली. निदान दोन खोल्या आणि निदान दोन शिक्षक, हे तिचं साधं सूत्र. डोंगरातल्या आणि खाडीकाठच्या वाड्यांना दुसरा गुरुजी मिळाला तो या काळात. आज साठीला टेकलेले अनेक मुख्याध्यापक याच लाटेत किंवा तिच्या मागोमाग नोकरीत आले. पहिली नेमणूक बहुतेकांची लांबची. एसटीनं जायचं, पुढे तर, नाहीतर चालत. पावसाळ्यात मुक्काम गावातच.

या लोकांनी नेमकं केलं काय, याचा एकच पुरावा सांगतो. तुमच्या शाळेत जा आणि जुनं जनरल रजिस्टर मागा. जाड पुठ्ठा, पिवळी पानं, टाकानं लिहिलेलं सुबक अक्षर. नाव, जात, जन्मतारीख, गाव, शाळा सोडल्याचं कारण. ज्याच्या नावावर जमीन नाही, घरपट्टी नाही, त्याच्या आजोबाचा या देशातला एकमेव लेखी पुरावा बहुधा हाच असतो. जात पडताळणीला जुनी नोंद लागते तेव्हा कोळीवाड्यातली पोरं इथंच येतात. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला निघाली, तेव्हा जुन्या महसुली दप्तरांबरोबर शाळांची रजिस्टरंही उघडली गेली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावरच्या शाळांचे पत्रे उडाले, तेव्हा इमारतीची नुकसानभरपाई मागता आली. भिजलेल्या रजिस्टराची भरपाई कोण आणि कशी देणार? ते सांभाळणारा माणूस म्हणजे मुख्याध्यापक.

आता १ जूनकडे येऊ.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. चांगलंच झालं. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात मुख्याध्यापकासाठी पटाची अट आहे: पहिली ते पाचवीला दीडशेच्या वर मुलं, सहावी ते आठवीला शंभराच्या वर. त्या खाली पूर्णवेळ मुख्याध्यापक कायद्यानं बंधनकारक नाही. कायद्यानं ही किमान रेघ आखली होती. आपल्याकडे तीच कमाल धरली गेली. आता सांगा, आपल्या किनाऱ्यावर किती वाड्यांच्या शाळेत दीडशे पोरं आहेत? माणसं पोटापाण्यासाठी मुंबई-पनवेलला गेली, उरलेल्यांनी पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवली. पट घसरला. मग होतं असं की जुने मुख्याध्यापक निवृत्त होतात आणि त्यांच्या पाठोपाठ पदही निवृत्त होतं. मागे राहिलेल्या शिक्षकाच्या गळ्यात 'प्रभारी' अशी माळ पडते. वर्ग त्याच्याकडे, तांदूळ त्याच्याकडे, मीटिंगाही त्याच्याकडे.

हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. २००० साली शिक्षण सेवक योजना आली, प्राथमिकला महिना ३,००० रुपये. हे मानधन १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. २०१७ साली दहाच्या आत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळांवर समायोजनाची टांच आली. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळांची यादी निघाली आणि त्यांच्या समूह शाळा करायचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांनाच २०,००० रुपये मानधनावर घ्यायचा निर्णय झाला. म्हणजे ३१ मे ला ज्यांना शाल घातली, त्यांनाच पुन्हा कंत्राटावर या म्हणायचं. नवा मास्तर होण्यासाठी परीक्षा देऊन वाट बघत बसलेली पोरं आहेतच.

सरकारचीही बाजू आहे, ती टाळून बोलणं बरं नाही. आठ पोरांच्या शाळेत पोरांना खेळायला संघ होत नाही, चार इयत्ता एका खोलीत बसतात, एक शिक्षक सगळं करू शकत नाही. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, ग्रंथालय, संगत मिळते. हे खरं आहे. पण आपला भूगोल बघा. नकाशावर समोरची शाळा दोन किलोमीटर दिसते, मध्ये खाडी असते. रस्त्यानं वळसा किती, हे एसटीच्या कंडक्टरला विचारा. शाळा उघडते जूनच्या मध्यावर, नेमकी पाऊस कोसळतो तेव्हा. सहा वर्षांची पोर त्यात रोज गाडीनं जाईल, गाडी रोज येईल, डिझेलचं बिल रोज निघेल, यावर किती विश्वास ठेवायचा? शाळा लांब गेली की आधी मुलीचं नाव गळतं. तिच्याबरोबर आदिवासी वाडीवरच्या पोराचंही.

म्हणून यंदा ज्या गावात सत्कार आहे, तिथल्या मंडळींना माझी विनंती. शाल घाला, नारळ द्या, जेवणावळ घाला, गुरुजींना आणि बाईंना रडू येईपर्यंत बोला. तो त्यांचा हक्क आहे. पण त्याच मांडवात आणखी तीन गोष्टी करा.

एक, जनरल रजिस्टरं सगळ्यांसमोर मोजून नव्या माणसाच्या ताब्यात द्या आणि त्यांच्या स्कॅन प्रती काढून ठेवा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक तिथंच घ्या. कायद्यानं या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, तिचा ठराव म्हणजे नुसता कागद नाही. रिकामी जागा कधी भरणार, हे तारखेसकट लेखी विचारा. तीन, तोच ठराव ग्रामसभेत मांडा, आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत मागायला येईल त्याच्यापुढे ठेवा. रस्ता मागतो, जेट्टी मागतो, पाण्याची टाकी मागतो. मास्तर कधी मागितला होता आपण?

आणि हो, भाषण करणाऱ्या पुढाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. 'गुरुजींची पोकळी कधी भरून निघणार नाही' हे वाक्य या वर्षी म्हणू नका. ज्यांनी उभं आयुष्य पुढची पिढी तयार करण्यात घातलं, त्यांच्या कामाचा तो अपमान आहे. त्यांची पोकळी भरून निघायलाच हवी. दुसरा मास्तर, दुसरी बाई, कायम पगारावर, १५ जूनच्या आत, त्याच खुर्चीवर.

त्या खुर्चीचे पैसे आपल्या पणजोबांनी रुपयामागे एक आणा देऊन केव्हाच चुकते केलेत.